कोणती भूल द्यावी, हे विचारण्याआधी

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: सहकारनगरमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनींच्या सासऱ्यांना पित्ताशयात खडे झाले आहेत आणि तीन आठवड्यांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया ठरली आहे. सासरे ७२ वर्षांचे असून रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेतात. भूलपूर्व तपासणीत डॉक्टरांनी व्यसनांबद्दल विचारले, तेव्हा दोन्ही मुलगे शेजारी बसलेले असताना त्यांनी 'कसलेही नाही' असे सांगितले आणि कोणीच काही बोलले नाही. प्रत्यक्षात ते अनेक वर्षे रोज रात्री जेवणाआधी व्हिस्की घेतात, आणि सासूबाई गेल्यापासून झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळीही घेतात. भूलतज्ज्ञांनी शिरेतून प्रोपोफॉल देणार असल्याचे सांगितल्यापासून घरात वाद सुरू आहे. मायकल जॅक्सन ज्या औषधाने गेला ते वडिलांना नको, एखादे जुने आणि खात्रीचे औषध द्या असे रुग्णालयाला लेखी कळवावे, असे धाकट्या दिरांचे मत आहे. नणंदेच्या सासूबाईंना गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर विसराळूपणा आला, म्हणून नणंदेला पाठीतली भूल हवी. ते जमत नसेल तर निदान 'हलकी' भूल हवी. दारूचा विषय मात्र कोणालाच काढायचा नाही. दिरांना मेडिक्लेम अडकण्याची धास्ती आहे, आणि 'आदल्या दिवशी देणार नाही, विषय संपला' असे यजमानांचे म्हणणे आहे. वाचक भगिनी विचारतात, की आम्ही कोणत्या औषधाचा आग्रह धरावा, आणि सुनेने या बाबतीत तोंड उघडावे का?

ताई,

तुमच्या घरात मोठ्या आवाजात चर्चा चालली आहे ती औषधाच्या नावाची, आणि सगळे गप्प आहेत ते दारूबद्दल. दुसरा विषय बाजूला ठेवून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताच येत नाही. तुमच्या भूलतज्ज्ञांनी आखलेला बेत मद्य न घेणाऱ्या आणि झोपेची गोळी न घेणाऱ्या एका ७२ वर्षांच्या गृहस्थांसाठी आहे. तुमचे सासरे ते गृहस्थ नाहीत.

आधी शस्त्रक्रियागृहात काय घडते ते सांगतो, कारण घरातली बरीच भीती 'एक इंजेक्शन देऊन दोन तास झोपवतात' या समजुतीतून आलेली दिसते. हाताच्या शिरेत सुई बसवून सलाईन सुरू होते. छातीला हृदयाच्या आलेखाच्या पट्ट्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लागतो. मग मास्कमधून प्राणवायू, वेदना दाबणारे फेन्टॅनिलसारखे औषध, आणि त्यानंतर दुधासारखे पांढरे प्रोपोफॉल. तरुण माणसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण दीड ते अडीच मिलिग्रॅम लागते, सत्तरीच्या माणसाला एक ते दीड, आणि तेही सावकाश द्यावे लागते. अर्ध्या-पाऊण मिनिटात शुद्ध हरपते. मात्र त्या एका मात्रेचा अंमल पाच-दहा मिनिटांत ओसरतो. मेंदूला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे औषध आधी तिथे पोहोचते आणि लगेच तिथून निघून स्नायूंमध्ये व इतर ऊतींमध्ये पसरते. शरीरात औषध शिल्लक असते, पण मेंदूत पुरेसे उरत नाही. म्हणून झोप टिकवण्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागते. एकतर सेव्होफ्लुरेनसारखा वायू श्वासातून सतत दिला जातो, किंवा प्रोपोफॉलच पंपातून थेंबाथेंबाने चालू ठेवले जाते. दुसऱ्या पद्धतीला 'टिवा' म्हणतात. रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात हा शब्द दिसला तर दचकू नये.

पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवले जाते, त्यामुळे स्नायू शिथिल करणारे औषध आणि श्वासनलिकेत नळी हेही बहुधा लागतेच. या सगळ्या वेळात भूलतज्ज्ञ रुग्णाच्या उशाशी असतात आणि आकडे पाहून मात्रा कमीजास्त करत राहतात. रुग्णाला सांभाळणारी गोष्ट ती आहे. बाटलीवरचे नाव नंतर येते.

आता दिरांची शंका. मायकल जॅक्सनचा मृत्यू २००९ साली लॉस एंजेलिसमधील राहत्या घरी झाला. त्याला प्रोपोफॉल शस्त्रक्रियेसाठी दिलेले नव्हते, झोप लागावी म्हणून दिले होते, आणि तेही शस्त्रक्रियागृहात असते तशी देखरेखीची व्यवस्था नसताना. प्रोपोफॉलमुळे श्वास मंदावतो किंवा काही वेळ थांबतो आणि रक्तदाब उतरतो. प्रत्येक भूलतज्ज्ञाला हे शिकाऊ काळापासून माहीत असते आणि त्याची तयारी हाताशी ठेवूनच औषध दिले जाते. त्या प्रकरणातला एक तपशील मात्र दिरांच्या नजरेतून सुटलेला दिसतो. मृत्यूला हातभार लावणारी म्हणून ज्या औषधांची नोंद झाली, ती लोराझेपाम या गुंगी आणणाऱ्या औषधाच्या गटातली होती. तुमच्या सासऱ्यांची अल्प्राझोलामची गोळी त्याच गटातली आहे. परक्या देशातल्या बातमीतून घाबरण्यासारखे काही घ्यायचेच असेल, तर ते घरातल्या औषधांच्या खणात आहे आणि त्याची माहिती डॉक्टरांना नाही.

'जुने ते खात्रीचे' हा युक्तिवाद पुण्यात लवकर पटतो, पण इथे तो लागू पडत नाही. थायोपेंटोन १९३४ साली अमेरिकेत वापरात आले आणि पुढे अर्धशतक त्याचेच राज्य होते. ते चांगले औषध आहे. पण शिरेबाहेर सांडले तर ऊतींना इजा करते, आणि एका मात्रेनंतर माणूस लवकर जागा झाला तरी ते शरीरातून जायला कित्येक तास घेते, त्यामुळे नंतर सुस्ती रेंगाळते. वयस्कर माणसाला हीच गोष्ट त्रासदायक ठरते. केटामिन १९६२ साली तयार झाले आणि १९७० मध्ये अमेरिकेत मान्यता पावले. ते श्वास फारसा दाबत नाही, उलट नाडी आणि रक्तदाब वाढवते, म्हणून अपघातात खूप रक्त गेलेल्या रुग्णासाठी ते वरदान आहे; रक्तदाबाच्या रुग्णाला एरवी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी ते पहिली पसंती नसते, आणि त्यातून जागे होताना विचित्र स्वप्ने व भास होऊ शकतात. इटोमिडेट कमकुवत हृदयाला सांभाळून घेते, पण मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचे काम काही काळ दाबते, म्हणून ते पंपाने चालू ठेवत नाहीत. आणि प्रोपोफॉल तरी कुठे नवे आहे? पहिल्या चाचण्यांमध्ये ते ज्या द्रावणात विरघळवले होते त्याने काहींना तीव्र ॲलर्जी झाली, म्हणून ते सोयाबीनच्या तेलात नव्याने बांधले गेले आणि १९८६ पासून ब्रिटनमध्ये बाजारात आहे. ते विकसित करणारे जॉन ग्लेन यांना २०१८ साली वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. प्रोपोफॉलनंतर मळमळ कमी होते आणि डोके लवकर स्वच्छ होते. या कारणांसाठी तुमच्या भूलतज्ज्ञांनी ते निवडले असेल, तर मला त्यात खटकण्यासारखे काही दिसत नाही.

जाता जाता एक गोष्ट, कारण हा प्रश्न या शहरात वेगवेगळ्या घरांतून येतो. प्रोपोफॉलच्या त्या पांढऱ्या मिश्रणात अंड्याच्या बलकापासून काढलेले लेसिथिन असते. कडक शाकाहारी घरातल्या कोणाला ही गोष्ट आधी कळायला हवी असेल, तर ती विचारण्यात संकोच नको, पर्याय असतात. अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनीही सांगावे, जरी ती ॲलर्जी बहुतेक वेळा पांढऱ्या भागातल्या प्रथिनांची असते आणि प्रोपोफॉल टाळावेच लागते असे नाही.

म्हणून औषधाचे नाव घालून रुग्णालयाला पत्र लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. असे पत्र गेले, की भूलतज्ज्ञ एकतर ते बाजूला ठेवतील किंवा वाद टाळण्यासाठी आपल्याला कमी योग्य वाटणारे औषध वापरतील. यांपैकी कशातच तुमच्या सासऱ्यांचे हित नाही.

नणंदेच्या आग्रहाकडे मी जास्त सहानुभूतीने पाहतो, कारण तिने जवळच्या माणसाला बदलताना पाहिले आहे. पण तिने एक चौकशी जरूर करावी: तिच्या सासूबाईंना भूल कोणती दिली होती? गुडघ्याच्या शस्त्रक्रिया आपल्याकडे पुष्कळदा पाठीतल्या भुलेखाली होतात. तसे असेल, तर ज्या भुलेनंतर विसराळूपणा आला, तिचाच ती वडिलांसाठी आग्रह धरते आहे. खुब्याचे हाड मोडलेल्या सोळाशे रुग्णांवरचा अमेरिका आणि कॅनडातला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांना पाठीतली आणि निम्म्यांना पूर्ण भूल देऊन तुलना केली, तेव्हा नंतरच्या बुद्धिभ्रमाचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच, पाचात एक, निघाले. वयस्कर माणसाच्या मेंदूवर भुलेइतकाच शस्त्रक्रियेचा ताण, वेदना, तुटलेली झोप, जंतुसंसर्ग, आणि चष्मा व श्रवणयंत्र काढून ठेवल्यामुळे येणारा गोंधळ यांचा परिणाम होतो. साठी उलटलेल्या रुग्णांवरच्या १९९८ सालच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आठवड्यानंतर सुमारे चौथ्या हिश्श्यात स्मरण-एकाग्रतेची घट आढळली होती. तीन महिन्यांनंतर ती साधारण दहापैकी एकात उरली. म्हणजे धोका खोटा नाही, पण तो बहुतांशी ओसरणारा आहे.

'हलकी भूल' हा शब्द मात्र घरातून हद्दपार करावा. पोट फुगवून, स्नायू शिथिल करून चालणाऱ्या शस्त्रक्रियेत भूल उथळ ठेवणे म्हणजे माणूस आतून जागा आणि बाहेरून हलूही न शकणारा, अशी शक्यता ओढवून घेणे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील भूलतज्ज्ञांनी २०१४ मध्ये अशा तक्रारींची देशव्यापी पाहणी मांडली, तेव्हा सुमारे १९,००० पूर्ण भुलांमागे एक रुग्ण 'मला कळत होते' असे सांगणारा निघाला, आणि स्नायू शिथिल करणारे औषध वापरलेल्या रुग्णांमध्ये हे प्रमाण जास्त होते. उलट बाजूने, गरजेपेक्षा खोल भूलही वयस्करांना नको असते. मधली पातळी राखण्यासाठी कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरींवरून आकडा दाखवणारे 'बिस' नावाचे यंत्र असते. ४० ते ६० च्या दरम्यानचा आकडा पुरेशी भूल दाखवतो. भूल हलकी द्या, असे सांगण्याऐवजी 'खोली मोजायची सोय आहे का' असे विचारणे अधिक उपयोगाचे. नणंदेला हा प्रश्न विचारायला सांगा; तिच्या काळजीला योग्य वाट मिळेल.

आता मुख्य गोष्ट.

मद्य, अल्प्राझोलाम आणि प्रोपोफॉल ही तिन्ही मेंदूतल्या 'गाबा' नावाच्या शांतवणाऱ्या यंत्रणेवर काम करतात. रोज संध्याकाळी त्या यंत्रणेवर दाब देत राहिले, की मेंदू त्याची सवय करून घेतो आणि समतोलासाठी आपली चेतवणारी यंत्रणा वाढवून ठेवतो. अशा माणसाला झोपवायला औषध जास्त लागू शकते. पण वय ७२ असल्यामुळे रक्तदाबाला तीच जास्त मात्रा सोसत नाही. या दोन विरुद्ध ओढींमधून मार्ग काढणे भूलतज्ज्ञांना येते, पण त्या आहेत हे त्यांना कळले पाहिजे. कळले, तर ते यकृताच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या पाहतील, मात्रा मोजून-मापून चढवतील, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांचीही तयारी करतील.

तुमच्या यजमानांचा 'आदल्या दिवशी देणार नाही' हा उपाय मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. रोजची सवय असलेल्या माणसाचे मद्य अचानक बंद झाले, की शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, धडधड, बेचैनी सुरू होऊ शकते. फिट येऊ शकते. आणि दोन-तीन दिवसांनी भास, भ्रम आणि चढता ताप असलेली जी अवस्था येते, ती वेळीच ओळखली नाही तर जिवावर बेतते. अल्प्राझोलाम एकदम थांबवल्यानेही फिट येऊ शकते. म्हणजे सोमवारी रात्री पेला बंद केला, मंगळवारी शस्त्रक्रिया झाली, तर बुधवारी-गुरुवारी रात्री सासरे भिंतीवर किडे दिसतात म्हणून सलाईन उपसू लागतील, आणि कारण ठाऊक नसलेले निवासी डॉक्टर त्यामागे संसर्ग शोधत बसतील. घरी सगळे म्हणतील, की प्रोपोफॉलने अण्णांच्या डोक्यावर परिणाम झाला. या घटनाक्रमाची कल्पना करायला मला फार ताण द्यावा लागलेला नाही. वॉर्डात काम केलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल.

तेव्हा, ताई, तोंड उघडावे का याचे उत्तर 'हो' असेच आहे. विचार करायचा तो क्रमाचा. पहिला हक्क सासऱ्यांचा. त्यांनी 'कसलेही नाही' म्हटले ते मुलांच्या देखत, आणि त्या पिढीतल्या माणसाला मुलांसमोर, अनोळखी डॉक्टरला, पेल्यांचा हिशेब देणे जड जाते, यात नवल नाही. त्यात लबाडीपेक्षा लाज जास्त असते. यजमान तयार असतील तर त्यांनी, नाहीतर तुम्ही, एखाद्या दुपारी घरात गर्दी नसताना सांगावे: 'अण्णा, भुलेचे औषध तुमच्या रोजच्या सवयीप्रमाणे मोजावे लागते असे कळले. डॉक्टरांना तुम्ही एकटे भेटून सांगा, आम्ही बाहेर थांबतो.' मग रुग्णालयात फोन करून पुन्हा भूलपूर्व तपासणीची वेळ मागा. अशी दुसरी भेट मागण्यात काहीही वावगे नाही. मुले बाहेर गेल्यावर वयस्कर पुरुष बहुधा खरे बोलतात. निदान डॉक्टरांना विचारायला वाव मिळतो.

ते तयार झाले नाहीत, तर शस्त्रक्रियेच्या पुरेसे आधी तुम्ही स्वतः भूलतज्ज्ञांना सांगावे, असे मला वाटते. सासऱ्यांच्या मनाविरुद्ध हे होईल आणि घरात काही दिवस अबोला राहील. ती किंमत खरी आहे, मी ती लहान मानत नाही. पण तुम्ही ही गोष्ट शेजारणीला सांगत नसून, गोपनीयता पाळणे ज्यांचे कर्तव्य आहे अशा व्यक्तीला सांगत आहात. सांगताना 'कधीतरी, थोडीशी' हे लाडके पुणेरी उत्तर देऊ नका. रोज किती पेले, किती मोठे, किती वर्षे, गोळी किती मिलिग्रॅमची आणि कोणाच्या चिठ्ठीवर, हे सांगा. हातात तीन आठवडे आहेत, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली मद्य टप्प्याटप्प्याने बंद करता आले तर शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी होते. कदाचित ते तारीख पुढे ढकलायलाही सांगतील. दुखणे तातडीचे नसेल तर ऐकावे. स्वतःच्या बुद्धीने घरी काहीही एकदम बंद करू नये.

मेडिक्लेमबद्दल: दिरांची भीती अगदीच निराधार नाही, कारण पॉलिसीच्या अटी वेगवेगळ्या असतात आणि मद्यामुळे झालेले आजार काहींमध्ये वगळलेले असतात. पण पित्ताचे खडे हा मद्यामुळे होणारा आजार म्हणून ओळखला जात नाही. पॉलिसीचे कागद काढून विमा सल्लागाराशी त्यांनी आजच बोलावे. ते काम त्यांचे आहे, आणि त्यासाठी भूलतज्ज्ञांपासून माहिती दडवण्याची गरज नाही.

ज्यांच्या घरी मद्याचा प्रश्न नाही, अशा वाचकांनीही आपल्या घरातल्या न सांगितलेल्या गोष्टी आठवून पाहाव्यात. आजीची मिश्री, काकांची तंबाखू, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय येणारी झोपेची गोळी, वैद्यांचे काढे, वजन किंवा साखर कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा घेतले जाणारे इंजेक्शन, ज्याने पोट रिकामे व्हायला उशीर लागतो. हलणारा दात आणि कवळीही. आधीच्या भुलेत घरातल्या कोणाला काही विपरीत झाले असेल, तर तेही. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी शस्त्रक्रियेच्या दिवशी घ्यायची की नाही, हे नाव घेऊन विचारावे, कारण त्या गटातल्या गोळ्यांमुळे भूल देताना रक्तदाब जास्त उतरू शकतो. उपवासाबाबत सर्वसाधारण नियम असा, की हलक्या खाण्यानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास जावे लागतात. दुधाचा चहा पाण्यात धरला जात नाही, तो खाण्यात धरला जातो. पहाटेचा अर्धा कपसुद्धा.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन रात्री घरातले कोणीतरी ओळखीचे माणूस सासऱ्यांजवळ असावे, त्यांचा चष्मा आणि घड्याळ हाताशी ठेवावे. हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर ड्यूटीवरच्या परिचारिकेला लगेच बोलावून शेवटचा पेला आणि शेवटची गोळी नेमकी केव्हा घेतली होती, ते पहिल्याच वाक्यात सांगावे. खांदा दुखतो म्हणाले तर घाबरू नये, पोटात भरलेल्या वायूमुळे तसे होते आणि एक-दोन दिवसांत थांबते. पण त्याबरोबर छातीत दुखले किंवा दम लागला, तर डॉक्टरांना कळवावे. घरी आल्यावर वेदनाशामक गोळ्यांच्या जोडीला जुनी झोपेची गोळी परस्पर सुरू करू देऊ नये. आणि भुलेनंतर निदान २४ तास स्कूटर चालवणे किंवा बँकेच्या कागदांवर सही करणे टाळावे. ही शेवटची सूचना त्यांना तुमच्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितली तर अधिक मानवेल. घरी सोडताना त्यांच्या तोंडून ती वदवून घ्या.